दहा बाय दहा फुटांची फोल्डिंग कॅनोपी, म्हणजे घडीचा मांडव, चित्रांच्या स्टॉलसाठी घ्यावी का?

घ्यावी. मात्र छत पांढरंच असावं, आणि पायांना बांधायच्या वजनांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत.

दुकानदार आधी निळी किंवा लाल कॅनोपी दाखवतो, कारण रस्त्यावरच्या विक्रीसाठी तीच जास्त खपते. चित्रांना ती चालत नाही. निळ्या कापडातून उतरलेल्या उजेडात पिवळा हिरवट होतो आणि माणसांचे चेहरे करडे दिसतात. गिऱ्हाईक चित्र उन्हात नेऊन बघतं तेव्हा रंगच वेगळे निघतात आणि सौदा तिथेच मोडतो.

लोखंडी सांगाडा साधारण वीस किलोचा असतो. उभारायला चार कोपऱ्यांवर चार माणसं हवीत. आधी सांगाडा अर्धाच उघडा, छत चढवून कोपऱ्यांचे वेल्क्रो लावा, मग चौघांनी एकदम मागे सरकत पूर्ण ताणा. पाय शेवटी, एकेक खाच करत वर घ्या. एकच कोपरा आधी उचलला की कात्रीसारख्या पट्ट्या वाकतात आणि प्लॅस्टिकचा सांधा तडकतो. स्वस्त मालात तो सांधाच सगळ्यात कच्चा असतो. दोन जादा सांधे, नट-बोल्ट आणि दहा नंबरचा पाना पिशवीत असू द्या.

सोबत मिळणाऱ्या खुंट्यांवर विसंबू नका. आपली काळी माती सुकली की भेगाळते आणि खुंटी हाताने उपसून येते. त्यात धूळ बसावी म्हणून सकाळी टँकरने पाणी मारलं असेल तर खुंटीभोवतीची माती लोण्यासारखी होते. जळगावचं सागर पार्क असो की धुळे-नंदुरबारकडचं शाळेचं पटांगण, भरवसा वजनावरच ठेवावा.

हिशेब करून बघा. कॅनोपीच्या बाजूला लावायचा तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच पडदा म्हणजे सहा चौरस मीटरचं शीड. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे 45 किलोचा दाब येतो. तीन बाजू बंद आणि तोंड वाऱ्याकडे असेल, तर आत शिरलेली हवा छतच उचलते. म्हणून प्रत्येक पायाला निदान 18-20 किलो वजन हवं. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घ्या, खालून टोपी लावा, काँक्रीट भरा, वर सळईचा आकडा रोवा आणि आठवडाभर पाणी मारा. एक नग 18-19 किलोचा होतो. मार्चमध्ये वावटळी सुरू झाल्या की पायाला दोन-दोन लावा. वजन वरच्या कोपऱ्यापासून टांगा आणि खाली पायालाही आवळा. नुसतं लोंबतं राहिलं तर झुलून पायच वाकवतं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन तेवढाच जड असतो, पण बूच सैल असलं तर दुपारपर्यंत निम्मा होतो.

चित्रं कॅनोपीच्या पट्ट्यांना कधीच टांगू नका. वाऱ्याने सांगाडा हलला की फ्रेमा एकमेकींवर आपटतात. आत दोन बाय सहा फुटांच्या लोखंडी जाळ्या काटकोनात केबल टायने जोडून उभ्या करा. त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतात आणि चित्र वरखाली सरकवायला एस-हूक पुरतो. तोंड उत्तरेला मिळालं तर दिवसभर सारखा उजेड मिळतो. पश्चिमेचा पडदा दुपारनंतरच ओढा, आणि वारा सुटला की आधी तोच काढा.

अॅक्रिलिकची चित्रं आणता-नेताना बबल रॅप थेट रंगावर लावू नये. गाडीतल्या उन्हाने रंग मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे ठसे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप.

पावसाला ही कॅनोपी साधारणच. अवकाळीच्या सरीत छताला झोळ पडतो, पाणी साचतं आणि त्या ओझ्याने पट्ट्या मोडतात, म्हणून पाणी आतून काठीने ढकलत राहावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं. तसंच ओलं छत घडी करून पिशवीत घातलं तर आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि पांढऱ्या कापडावरचे ते ठिपके धुऊनही नीट जात नाहीत.