सोलचं लोकशाही संग्रहालय: आधी जुनी इमारत, मग बाकीचं

सोल मेट्रोच्या १ नंबर लाइनवर नाम्यंग स्टेशनला उतरलं की थोडं चालल्यावर काळपट विटांची सात मजली इमारत दिसते. जून २०२५ मध्ये ही इमारत आणि तिच्या आवारातलं नवं दालन मिळून कोरियाचं राष्ट्रीय लोकशाही संग्रहालय सुरू झालं. तिकीट नाही, सोमवारी बंद. १९७६ साली ही वास्तू बांधली ती पोलिसांच्या कम्युनिस्टविरोधी शाखेसाठी. चौकशीसाठी उचललेल्या माणसांना, त्यातही विद्यार्थी नेत्यांना, इथे आणत.

बहुतेक लोक नव्या दालनापासून सुरुवात करतात आणि फलक वाचून दमल्यावर जुन्या इमारतीत येतात. क्रम उलटा ठेवा. इथली मुख्य वस्तू म्हणजे ही इमारतच, आणि ती ताज्या डोळ्यांनी बघायला हवी.

आधी बाहेर उभं राहून खिडक्या बघा. सगळ्या मजल्यांना नेहमीसारख्या खिडक्या, फक्त पाचव्याला उभ्या फटी. डोकं बाहेर निघणार नाही इतक्या अरुंद. मग इमारतीच्या मागच्या बाजूला जा. तिथल्या लहान दारातून लोखंडी गोल जिना निघतो, तो मधल्या कुठल्याच मजल्यावर न उघडता थेट पाचव्यावर पोचतो. डोळे बांधलेल्या माणसाला गोल गोल फिरवत वर नेलं की आपण कितव्या मजल्यावर आलो हे कळायला मार्ग नाही. वर गेल्यावर दारं बघा: समोरासमोरच्या खोल्यांची दारं मुद्दाम मागेपुढे ठेवली आहेत, म्हणजे एक दार उघडलं तरी समोरच्या खोलीतला माणूस दिसू नये. दारावरचं भिंग उलटं, बाहेरून आत बघण्यासाठी. दिव्याचं बटणही बाहेर. टेबल-खुर्ची जमिनीला पक्की केलेली.

आराखडा किम सू-गुन यांचा. कोरियाच्या आधुनिक वास्तुकलेतलं हे सगळ्यात मोठं नाव. १९८८च्या ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम त्यांचंच. चांगदोकगुंग राजवाड्याजवळ त्यांचं स्वतःचं जुनं ऑफिस आता कलासंग्रहालय झालं आहे आणि तिथल्या अरुंद गोल जिन्याचे फोटो काढायला पर्यटक थांबतात. जमलं तर दोन्ही जिने बघा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना तर हे सक्तीचंच करायला हवं.

खोली क्रमांक ५०९ दारातूनच बघायची. सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारा पार्क जोंग-चोल १४ जानेवारी १९८७ रोजी या खोलीत मेला. पाण्यात डोकं बुडवताना गळा टबाच्या कडेवर दाबला गेला आणि तो गुदमरला. ‘टेबलावर हात आपटला, तर तो ओरडून कोसळला,’ असा पोलिसांचा खुलासा होता. तो टिकला नाही, कारण बोलावलेल्या डॉक्टरनं फरशीवर पाणी पाहिलं होतं आणि ते त्यानं पत्रकारांना सांगितलं. मग दोन पोलिसांना पुढे करून प्रकरण मिटवायचा प्रयत्न झाला. १८ मे रोजी म्यंगदोंग कॅथेड्रलमध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी आणखी तिघं सामील असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तोही डाव फसला.

इथली मोठी उणीव शेजारच्या खोल्यांत आहे. मूळ रूपात राहिली ती ५०९ एकटी. बाकीच्यांतले टब काढले गेले, पुढे पोलिसांच्याच ताब्यात असताना नूतनीकरणही झालं. त्यामुळे घाईतला माणूस ‘इथे एक मुलगा मेला’ एवढंच घेऊन उतरतो. ५१५ समोर थांबा. सप्टेंबर १९८५ मध्ये तरुणांच्या चळवळीचे नेते किम गुन-ते यांना तिथे पाण्याचे आणि विजेचे हाल सोसावे लागले. ते वाचले, पुढे मंत्री झाले. जुने फिटिंग राखले असते तर ही जागा दुप्पट बोलली असती.

नव्या दालनात वेळ द्यायचा तो जून १९८७ला. तोवर लष्करशहा चुन डू-ह्वानविरुद्धचा लढा प्रामुख्यानं विद्यार्थ्यांचा होता आणि विद्यार्थ्यांना अश्रुधुरानं पांगवणं पोलिसांच्या हातचा मळ होता. १० जूनपासून टाय लावलेले ऑफिसवाले रस्त्यावर आले, गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, आणि हे गणित बिघडलं. चुन डू-ह्वानकडे सैन्य होतं, पण वर्षावर ऑलिंपिक आलं होतं आणि अमेरिकेचाही दबाव होता. २९ जूनला त्याचा वारसदार रोह ते-वू यानं राष्ट्राध्यक्षपदाची थेट निवडणूक मान्य केली. डिसेंबरमध्ये विरोधकांचे दोन किम (किम यंग-साम आणि किम दे-जुंग) एकमेकांविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली आणि निवडून आला तो रोहच.

इथून सिटी हॉलला येऊन २ नंबर लाइन पकडा, सिनचॉनला उतरा. स्टेशनच्या एका अंगाला यॉनसे विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला चढावरच्या गल्लीत यॉनसेचा विद्यार्थी ली हान-यॉल याचं स्मारक. ९ जून १९८७ला विद्यापीठाच्या फाटकाशी अश्रुधुराचं नळकांडं त्याच्या डोक्याला लागलं, ५ जुलैला तो गेला. स्मारक छोटं आहे, पण इथला एक बूट चुकवू नका. उजव्या पायाचा, टायगर कंपनीचा, २७० मिलिमीटर मापाचा. डावा सापडलाच नाही. बुटाच्या तळाचा पार भुगा झाला होता; २०१५ मध्ये तज्ज्ञांनी तो तुकडा तुकडा जुळवून उभा केला. जवळून बघितलं की कुठे काय जोडलंय ते कळतं. जाण्याआधी, खास करून शनिवार-रविवारी, उघडं आहे का याची चौकशी करा.

दोन्ही जागा मिळून एक दिवस पुरतो. लहान मुलांना पाचव्या मजल्यावर नेऊ नका. मोबाइलवर भाषांतराचं ॲप ठेवा, निदान सिनचॉनच्या गल्लीत ते लागेलच.

आणखी अर्धा दिवस असेल तर उई-सिनसॉल लाइननं बुखानसानच्या पायथ्याची १९ एप्रिल स्मशानभूमी गाठा. तिची कथा १९६०ची: १५ मार्चच्या निवडणुकीत उघड घोटाळा, ११ एप्रिलला मासानच्या बंदरात डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं किम जू-यॉल या विद्यार्थ्याचं प्रेत, १९ला राष्ट्राध्यक्ष निवासावर मोर्चा आणि गोळीबार. २५ला प्राध्यापकही रस्त्यावर उतरले, २६ला राष्ट्राध्यक्ष सिंगमन रीनं राजीनामा दिला आणि २९ मे रोजी तो हवाईला पळाला. हिरवळ सुंदर आहे, पण माहिती नसेल तर इथे नुसत्या थडग्यांच्या रांगा दिसतात. म्हणून तारखा वाचूनच जा.