टाइल्स ‘नव्यासारख्या’ करून घेतल्याचे सहा हजार

गणपतीच्या आधी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत दोघं जण मशीन घेऊन आले. निळे टी-शर्ट, गळ्यात कार्ड. “काकू, नुसता डेमो बघा, पैसे नकोत.” घेतलं आत.

एकाने स्वयंपाकघरातल्या दोन टाइल्समधल्या फटीत बाटलीतलं काहीतरी ओतलं. फस्सकन पांढरा फेस आला. “बघा, वीस वर्षांचा मळ वर येतोय!” घरच अठरा वर्षांचं, पण काळ्या पडलेल्या फटी रोज डोळ्यांत खुपत होत्या, त्यामुळे पटलं. वर ‘नॅनो कोटिंग’ करणार, मग दोन वर्षं फक्त ओला फडका. चौरस फुटाला 22 रुपये, तीनशे फुटांचे 6600. घासाघीस करून 6000 वर आणलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दिवसभर घरात नाक झोंबणारा वास. तो जावा म्हणून मी वरून ब्लीच टाकायला निघाले होते, नशिबाने बाटली रिकामी निघाली. त्या बाटलीत ॲसिड होतं, आणि ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, हे नंतर कळलं.

फरशी आठ दिवस चकचकली. मग पाय चिकटायला लागले. गौरीची कुंकवाची पावलं त्या थरात अशी बसली की दसरा आला तरी जाईनात. बाथरूमच्या जाळीवर गंजाचे ठिपके आले, फटींतून वाळूसारखं काहीतरी सुटू लागलं. दिवाळीनंतर खालच्या वहिनी वर आल्या, त्यांच्या छताला ओल आली होती. त्या दोघांचा नंबर तोवर बंद. पावतीवर पत्ता नव्हताच.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गच्चीवरचा पांढऱ्या सिमेंटचा एक वाळलेला खडा आणला, कुणाचा पायही न लागलेला, आणि त्यावर घरातलं संडास धुवायचं ॲसिड टाकलं. तोच फेस, तस्साच.

“वहिनी, मळ नाही, तुमचं सिमेंटच उकळत होतं.”

फटींतला चुना ॲसिडमध्ये विरघळतो, त्याचा तो फेस. सांधे पोकळ झाले की पाणी खाली उतरतं. आणि कोटिंगचं म्हणाल, तर सिरॅमिक टाइलवर आधीच काचेसारखं ग्लेझ असतं. त्यात काही मुरत नाही, थर नुसता वर बसतो आणि धूळ धरतो. मशीनचं पॉलिश मोझॅक, संगमरवराला. ग्लेझ घासून गेलं की टाइल कायमची गेली.

बाथरूमच्या फटी एपॉक्सीने, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या लगद्याने, भरून घेतल्या, त्याचा खर्च वेगळा. आता बादलीभर पाण्यात चमचाभरच साबण, जास्त झाला की त्याचाच चिकट थर बसतो. मग साध्या पाण्याचा एक हात. फटींना नायलॉनचा ब्रश आणि कोमट पाण्यातला धुण्याचा सोडा. कोटिंगही त्यानेच, महिनाभर घासून, निघालं. ओट्यासमोरच्या चार टाइल्स तेवढ्या अजून चिकट आहेत, त्यांच्यावर पायपुसणं टाकलंय.