लाइट गेली होती, तरी कुलरनं झटका दिला

जूनचा पहिला आठवडा. दिवसभर काहिली होती आणि संध्याकाळी एकदम वारं सुटलं. धूळ उडाली, टपोरे थेंब पडले आणि घरातली लाइट गेली. वारं सुटलं की लाइट जाते, हे आम्हा परभणीकरांना नवं नाही. लाइट आली की कुलर लगेच लावता यावा म्हणून आत्याबाई बादली घेऊन पाणी भरायला गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी एक हात कुलरच्या पत्र्यावर ठेवला आणि जी किंकाळी फोडली, ती आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हात पत्र्यावरून सुटला आणि त्या मागं खाटेवर आदळल्या. बोटाच्या पेरावर पांढरा चट्टा, हात थरथरत होता, तोंडातून शब्द फुटेना. मी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. जीव वाचला. पण मला एकच प्रश्न पडला होता. लाइट गेलेली, कुलरचं बटण बंद, मग झटका आला कुठून? आणि घाईत रिक्षात बसताना दिसलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. समोरच्या घरात ट्यूब जळत होती. लाइट फक्त आमचीच गेली होती.

हे समजायला तीन महिने मागं जावं लागेल. पाडव्याला आठ-दहा दिवस होते. लग्नसराईचे ब्लाउज शिवत मी मशीनवर बसले होते. हे एसटीत वाहक आहेत, त्या दिवशी मुक्कामी ड्युटीवर होते. दुपारी दोन माणसं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर, खांद्याला हत्यारांची बॅग. "ताई, वार्षिक वीज सुरक्षा तपासणी आहे. गल्लीतल्या सगळ्या घरांची चाललीय. दोनशे रुपये फी, पावती मिळेल. तपासणी नसली तर मीटर कट होऊ शकतं, शासनानं सक्तीचं केलंय."

मी लगेच दार उघडलं, आणि त्याला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात माहेरी गावाकडं चुलत भावाच्या पोराला कुलरचाच झटका बसला होता. लेकरू वाचलं, पण तेव्हापासून मी ह्यांच्या मागं लागले होते की वर्षातून एकदा घराची वायरिंग कुणाला तरी दाखवा. आमचं घर २००६ चं. वायरिंग तेव्हाचीच, फक्त कुलर घेतला त्या वर्षी एक आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडं जायला लागली की लाइन तोडणारा खटका, बसवून घेतली होती. म्हणजे ज्याची मला काळजी होती, तेच काम करायला माणसं आपण होऊन दारात आली होती. तपासणी करून घ्यावी ही माझी इच्छा चुकीची नव्हती, आजही मी तेच म्हणते. मी कुणाला आत घेतलं, चूक तिथं झाली.

त्यातल्या एकानं पिवळं मीटर काढलं. त्याला दोन वायरी, एक लाल, एक काळी. लाल पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातली, काळी भिंतीला टेकवली. मीटरवर ओएल अशी अक्षरं आली. "बघा ताई, ओएल म्हणजे ओव्हरलोड. तुमची अर्थिंग मेलीय. कुलरला हात लावला की माणूस चिकटणार." आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांपुढं भावाचं पोरगं आलं.

नंतर कळलं की ओएल म्हणजे घराच्या वायरिंगवर ओव्हरलोड आहे असं नव्हे. ते साधं मल्टीमीटर होतं. ओहमवर, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा मोजायला लावलं आणि दोन्ही पिनांमध्ये वीज वाहण्याजोगी वाट सापडली नाही, की ते ओएल दाखवतं. पिना हवेत धरल्या तरी तेच दाखवतं. कोरड्या भिंतीला पिन टेकवून जगातल्या कुठल्याही घराची अर्थिंग "मेलेली" दाखवता येते. तुमच्या घरी कुणी असं केलं तर त्याला दोन्ही पिना एकमेकींना टेकवायला सांगा. ओएल जाऊन शून्याजवळचा आकडा येईल. ते मीटर तुमच्या घराबद्दल काहीच सांगत नव्हतं, हे तिथंच उघडं पडेल.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी केमिकल अर्थिंग, नवी आरसीसीबी, कुलरला तीन पिनांचा प्लग, असं सगळं मिळून १६,८०० रुपये सांगितले. दहा हजार रोख दिले, ते शिलाईचे साठवलेले होते. उरलेले मोबाइलवरून पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव ओळखपत्रावरच्या नावापेक्षा वेगळं आलं, ते मी पाहिलंही. "आमच्या साहेबांचं खातं आहे," म्हणाला. मी गप्प बसले.

काम अडीच तास चाललं. अंगणात खड्डा खणून पाइप पुरला, वर करड्या पावडरची पिशवी ओतली. जुन्या खड्ड्यातून बोर्डापर्यंत आलेली तांब्याची तार "गंजलीय, भंगार आहे" म्हणून गुंडाळून बॅगेत टाकली. चांगली चालणारी जुनी आरसीसीबी "एक्सपायर झालीय" म्हणून काढली, तीही बॅगेत गेली. नवी बसवली आणि मेन चालू केलं की ती खटकन पडायची. तीन वेळा पडली. "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. ताई, जरा चहा ठेवता का?" मी आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा सगळं सुरळीत चालू होतं.

तो चहा ठेवायला मी आत जायला नको होतं. वीजपेटीजवळ काम चालू असताना घरातलं माणूस तिथून हलू नये, हे आता मी प्रत्येकाला सांगते.

जाताना त्यांनी शंभर वॅटचा बल्ब काढला. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला. "बघा, अर्थिंग एकदम ओके." गोल शिक्क्याचं, एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र दिलं. मी ते देवघराच्या फडताळात नीट ठेवलं. आणि तीन महिने निर्धास्त राहिले.

आत्याबाई दवाखान्यात असतानाच मी भावाला फोन केला. त्याच्या ओळखीचा एक परवानाधारक वायरमन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दारातूनच म्हणाला, "ताई, कशालाच हात लावू नका," आणि आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडला. मग पेटी उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला. मी विचारलं, "काय बघूलालाव दादा?" तो म्हणाला, "आत्याबाई वाचल्या हेच बघूलालो."

त्यानं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण हे कळलं नाही तर फसवणूक किती भयंकर होती ते कळणार नाही.

घरात तीन तारा असतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. अर्थिंगची हिरवी तार एरवी रिकामी असते. कुलरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती या तारेनं जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. त्या माणसांनी पुरलेला पाइप जेमतेम दोन फूट होता आणि घरातल्या अर्थिंगला जोडलेलाच नव्हता. पावडर म्हणजे मीठ आणि कोळशाचा भुगा. मग बल्ब कसा पेटला? त्यांनी बोर्डाच्या आत अर्थिंगची तार गुपचूप न्यूट्रलला बांधली होती, आरसीसीबीच्या अलीकडंही आणि पलीकडंही. तसं केलं की बल्ब पेटणारच, जमिनीत काही असो वा नसो.

पण असं बांधलं की आरसीसीबी पडते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी आहे का, हे ती सतत तोलत असते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक आला की पडते. आता परतीची काही वीज हिरव्या तारेच्या वाटेनं चुकवून जात होती, म्हणून ती बिचारी खटखट पडत होती, म्हणजे तिचं काम चोख करत होती. मी चहा ठेवत होते तेव्हा त्यांनी मेनमधून वेगळ्या वायरी टाकून तिला पूर्ण वगळलं. वायरमननं मला बोलावून मेन क्षणभर चालू केला आणि आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबलं. खटका पडला. पण बोर्डावरचा छोटा लाल दिवा जळतच राहिला. तेव्हा महावितरणच्या माणसांनी सकाळीच खांबावरची तार दुरुस्त केलेली होती, म्हणून ते दिसलं.

त्या संध्याकाळी वाऱ्यानं आमच्या घराची न्यूट्रलच खांबावर सुटली होती. म्हणून अंधार झाला. फेज मात्र घरात येतच होती. ती फ्रिजमधून, चालू राहिलेल्या दिव्यांमधून न्यूट्रलपर्यंत गेली, पुढं वाट बंद, म्हणून त्या गुपचूप बांधलेल्या जोडावरून हिरव्या तारेत उतरली. आणि हिरवी तार कुठं जाते? नव्या तीन पिनांच्या प्लगमधून थेट कुलरच्या पत्र्यावर. कुलरचं बटण बंद असून काही उपयोग नव्हता, कारण अर्थिंगच्या तारेत बटण नसतंच. जीव वाचवायची तार जीव घ्यायला निघाली होती, आणि त्यासाठी मी पैसे मोजले होते.

बल्बबद्दल त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कायम लक्षात राहील. शंभर वॅटचा बल्ब सुमारे ४३० मिलिअँपिअर ओढतो. आरसीसीबीच्या मर्यादेच्या चौदा पट. म्हणजे फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला की चांगली आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडायला हवी. ज्या बल्बच्या उजेडात मी समाधान मानलं, तोच माझं संरक्षण काढून टाकल्याचा पुरावा होता.

मग त्यानं खरी तपासणी केली. सगळे प्लग काढले, बल्ब उतरवले, मेन पाडून ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या यंत्रानं वायरींचं इन्सुलेशन, म्हणजे वरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजलं. निदान एक मेगाओहम यायला हवं, आमचं त्याहून बरंच जास्त आलं. म्हणजे २००६ ची वायरिंग धडधाकट होती. अर्थिंग मोजायला त्याच्याकडं वेगळं यंत्र होतं. खड्ड्यापासून एका ओळीत अंतरावर दोन लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, तीन तारा जोडायच्या, मग आकडा येतो. भिंतीला पिन टेकवून अर्थिंग मोजताच येत नाही. आमचा जुना खड्डा उन्हानं वाळला होता. आपली काळी जमीन ओली असली तर वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते. क्लॅम्प घासून ग्रीस लावलं, दोन बादल्या पाणी ओतलं, नवी तांब्याची तार टाकली. पुन्हा मोजलं, पाच ओहमच्या आत. शेवटी त्यानं पेटीतले सगळे स्क्रू आवळले, सॉकेटांत फेज उजवीकडंच आहे ना ते पाहिलं. वगळलेली आरसीसीबी त्याला भरवशाची वाटली नाही म्हणून चांगल्या कंपनीची बसवली. सामान आणि मजुरी धरून पाच हजारांच्या आत सगळं झालं. माझी जुनी आरसीसीबी आणि तार चोरीला गेली नसती, तर पाण्याच्या दोन बादल्या आणि थोडी मजुरी एवढ्यावर भागलं असतं.

महावितरणच्या कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, मीटरपर्यंतचं आमचं, मीटरनंतरची वायरिंग ग्राहकाची. घरात शिरून फी घेणारी माणसं आम्ही पाठवत नाही. शंका आली तर दारातूनच १९१२ वर फोन करा. घरगुती ग्राहकाला दरवर्षी असा दाखला काढायची सक्तीही नाही. प्रमाणपत्रावरचा परवाना क्रमांक भावानं विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात दाखवला, तो कुणाचाच नव्हता. पोलिसांत तक्रार दिली, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवरही नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

आत्याबाई आता बऱ्या आहेत. कुलरला मात्र हात लावत नाहीत. पाणी भरायचं काम माझं, आणि तेही प्लग काढल्यावरच.

गेल्या महिन्यात मानवतहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, दोन माणसं आली होती, दोनशे रुपये घेतले, अर्थिंग मेलीय म्हणाले. उद्या सामान घेऊन येणार आहेत." मी तिला पावतीचा फोटो पाठवायला सांगितलं. तोच शिक्का. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा पोलिसांना घेऊन दारात थांबला, पण ती माणसं फिरकली नाहीत. मग मी माझी पावती काढून तिच्या फोटोशेजारी धरली. माझा नंबर ११८ होता. तिचा ४६३.

त्यातल्या किती घरांत काम झालं असेल मला माहीत नाही. तुमच्याकडं अशी माणसं येऊन गेली असतील, तर आज एक पंखा चालू करून वीजपेटीतलं टी बटण दाबून बघा. खटका पडूनही पंखा फिरत राहिला, किंवा खटका पडलाच नाही, तर कुलर-फ्रिजच्या पत्र्याला हात न लावता मेन पाडा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. आणि फक्त तुमच्याच घराची लाइट गेली असेल, तर मेन पाडेपर्यंत घरातल्या लेकरांना, म्हाताऱ्यांना कुलरजवळ जाऊ देऊ नका.