परदेशी एमबीबीएस प्रवेश सल्ला केंद्र, जळगाव : कागदपत्रांना उत्तम, मान्यतेच्या प्रश्नाला अपुरे (५ पैकी २)

माझ्या मुलीला डॉक्टर होऊन पुढे इंग्लंडमध्ये काम करायचे आहे. नीटमध्ये ती पात्र ठरली, परंतु धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय महाविद्यालयात नंबर लागण्याइतके गुण मिळाले नाहीत आणि खाजगी महाविद्यालयाची फी आमच्या केळीच्या बागेला झेपणारी नव्हती. म्हणून आम्ही जळगावातील एका सल्ला केंद्रात १५,००० रुपये भरून नाव नोंदवले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही. माझ्यासारख्या पालकांना तिथे काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठीच हा अभिप्राय आहे.

कागदपत्रांचे काम त्यांनी चोख केले. गुणपत्रिकांचे अपोस्टील (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून केलेले शासकीय प्रमाणीकरण), पासपोर्ट, व्हिसाची फाइल यांत आम्हाला एकदाही दुसरा हेलपाटा पडला नाही आणि फोन प्रत्येक वेळी उचलला गेला.

अडचण आली ती पदवीच्या मान्यतेची. त्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर निळ्या गोल शिक्क्यात ‘डब्ल्यूएचओ व एनएमसी मान्यताप्राप्त’ असे छापलेले होते. “काका, दोन्ही मान्यता आहेत, तुम्ही निर्धास्त राहा,” असे समुपदेशक म्हणाले. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता देत नाही, आणि भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी महाविद्यालयांची मंजूर यादी काढत नाही. आयोगाने नोव्हेंबर २०२१ च्या नियमांत अटी घातल्या आहेत आणि त्या पाळल्या जातात की नाही, हे विद्यार्थ्यालाच तपासावे लागते.

त्यातली एक अट मी त्यांच्याच टेबलावर, माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवली. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचा हवा, आणि त्याशिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. पत्रकात ‘इंटर्नशिपसह ५ वर्षे’ असे होते. ६० महिन्यांतून १२ वजा केले की ४८ उरतात, म्हणजे सहा महिने कमी पडतात. समुपदेशकांनी ते आकडे दोनदा पाहिले आणि “वरिष्ठांना विचारून सांगतो” असे सांगितले. ज्या देशात शिकायचे, तिथेच त्या पदवीवर डॉक्टरकीचा परवाना मिळतो का, हीसुद्धा आयोगाची अट आहे. त्याबद्दल विद्यापीठाचे पत्र मी मागितले, ते अखेरपर्यंत आले नाही.

भारताबाहेर काम करायचे असले तरी या अटी सोडून चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण मुलगी उद्या परत येऊ म्हणाली तर दार बंद असता कामा नये. परत येऊन इथे डॉक्टरकी करायची तर परदेशी पदवीधरांसाठीची ३०० प्रश्नांची एफएमजीई परीक्षा द्यावी लागते आणि तीत १५० गुण मिळवावे लागतात.

इंग्लंडबद्दल तर केंद्राची तयारी फारच तोकडी निघाली. मी जीएमसी म्हणताच समुपदेशक जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल (गव्हर्न्मेंट मेडिकल कॉलेज, तेही जीएमसीच) बोलू लागले. मी विचारत होतो ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलबद्दल, जिथे नोंदणी झाल्याशिवाय तिथे रुग्ण तपासता येत नाही. त्या नोंदणीसाठी पदवी त्यांना स्वीकारार्ह असावी लागते, इंग्रजी येत असल्याचा पुरावा, बहुधा परीक्षा देऊन, दाखवावा लागतो आणि सर्वसाधारणपणे प्लॅब ही दोन भागांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भारतातून एमबीबीएस झालेला विद्यार्थीही याच वाटेने जातो, त्यामुळे ‘परदेशी पदवी म्हणजे परदेशात थेट नोकरी’ हे त्यांचे आश्वासन मला सर्वांत घातक वाटले.

शेवटी मीच त्यांच्या संगणकावर वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स ही जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांची ऑनलाइन सूची उघडायला लावली. महाविद्यालयाचे नाव तिथे सापडले, तेव्हा केंद्रातल्या सर्वांना हायसे वाटले. पण नाव असणे म्हणजे मान्यता नव्हे. अमेरिकेचा विचार असणाऱ्याने त्याच पानावर ‘स्पॉन्सर नोट्स’ हा भाग उघडून ईसीएफएमजीची (परदेशी वैद्यकीय पदवीधरांना अमेरिकेसाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) नोंद आणि तिथे दिलेली उत्तीर्ण होण्याची वर्षे पाहावीत. आमच्या पानावर ती नोंद नव्हती.

आम्ही जागेसाठीचे पैसे भरले नाहीत. नोंदणीचे १५,००० परत मिळणार नाहीत, हे पावतीवर छापलेलेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. मुलगी घरी राहून पुन्हा नीटची तयारी करते आहे.