अत्तर मारलेला मोगरा

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा घरच्या मोगऱ्याची फुलं द्यायची, एवढीच हौस होती. माघ संपत आला होता. इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात भर दुपारी रोपांचा ठेला आला. "असली मदनबाण है, बारह महीने फूल देगा," म्हणत ठेलेवाल्याने कुंडी थेट माझ्या नाकाशी धरली. मदनबाण म्हणजे मोगऱ्याचीच एक जात. पांढरीशुभ्र डबल फुलं आणि काय तो घमघमाट! अडीचशेला एक, अशा चार कुंड्या घेतल्या. हजार रुपये रोख मोजले.

तिसऱ्या दिवशी वास गेला. मला वाटलं, ऊन कमी पडतंय. कुंड्या गच्चीत नेल्या, शेणखत घातलं. फुलं आली, पण मोगऱ्याचा तो वास काही आला नाही. एक रोप सुकलं म्हणून उपटलं, तर त्याला मुळंच नाहीत! तिरकी छाटलेली फांदी मातीत नुसती खोचलेली.

शेवटी शेजारच्या काकूंना बोलावलं. त्यांनी आधी एक पान खुडलं. देठाच्या टोकाशी दुधासारखा चीक जमला. "अगं, ही डबल तगर. मोगऱ्याला कुठे चीक असतो?" म्हणजे फुलांवर अत्तर मारलेलं होतं. तगर देवपूजेला उत्तम, मला आवडतेही. पण मोगरा म्हणून का विकायची? फार वाईट वाटलं.

तेव्हा ठेल्यावर रोप घेताना आधी पान खुडून बघा. चीक आला तर तो मोगरा नव्हे. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि खरा बहर ऊन तापू लागल्यावर येतो. माघात, भर दुपारी सगळी फुलं उमललेली आणि घमघमणारी दिसली, तिथेच मला शंका यायला हवी होती. बुंधा धरून हलकेच हलवा, मुळं धरलेलं रोप सहज हलत नाही.

काकूंनी पावसाळ्यात त्यांच्या मोगऱ्याची एक फांदी वाकवून दाबून ठेवायचं कबूल केलंय. मुळं फुटली की ते दाब कलम माझं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाळू आणून ठेव, असं त्यांनी आत्ताच बजावलंय.