गावातली मॅरेथॉन की परगावची? हौशी धावपटूसाठी एक तुलना

नोकरी, घर आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून धावणाऱ्या माणसाच्या वर्षात पूर्ण, म्हणजे ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी फार तर दोनदा नीट बसते. एका तयारीला १६ ते १८ आठवडे लागतात आणि शर्यतीनंतर शरीर पूर्ववत होण्यासाठी आणखी काही आठवडे सोडावे लागतात. त्यामुळे ती एखाददुसरी शर्यत आपल्याच शहरात धावायची की प्रवास करून दुसरीकडे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. पुढील तुलना मुंबई-पुणे पट्ट्यातील धावपटू डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. माझे मत आधीच सांगतो: शर्यत घरापासून किती किलोमीटरवर आहे यापेक्षा तिच्या आदल्या रात्रीची झोप, तिथली हवा आणि तयारीचे महिने कोणते पडतात, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा.

‘स्थानिक’ हा शब्दच आधी तपासून पाहिला पाहिजे. जानेवारीतील टाटा मुंबई मॅरेथॉन दादरला राहणाऱ्यासाठी खरोखर घरची शर्यत आहे. विरार किंवा बदलापूरला राहणाऱ्याला मात्र पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ उभे राहायचे असेल, तर मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठून त्या दिवसासाठी सोडलेली विशेष लोकल पकडावी लागते. पुण्याच्या धावपटूला तर बिब (छातीवर लावायचा धावक्रमांक) घेण्यासाठी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी लागते, तो वाटला जातो त्या एक्स्पोमध्ये रांगेत उभे राहावे लागते आणि रात्रीच्या मुक्कामाची सोयही करावी लागते. हा सरळसरळ दोन दिवसांचा प्रवास आहे, आणि त्याला स्थानिक शर्यत मानून शनिवारचे नियोजन सैल सोडणे महागात पडते. पुणेकराची घरची शर्यत म्हणायची तर ती १९८३ पासून चालत आलेली, डिसेंबरमधील पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन.

घरच्या शर्यतीचा मोठा फायदा म्हणजे मार्गाशी असलेली ओळख. मुंबईत पेडर रोडच्या चढाने आजवर अनेकांची लय मोडली आहे, परंतु ज्याने तो चढ महिन्यातून दोनदा लाँग रनच्या, म्हणजे सरावातील लांब पल्ल्याच्या धावेच्या शेवटी, थकलेल्या पायांनी धावून पाहिला आहे, त्याला तिथे किती वेग सोडायचा हे ठाऊक असते. (मार्गात वर्षागणिक बदल होतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहूनच सराव करावा.) नेहमीची गादी, नेहमीचे जेवण, पोटाला सवय असलेले पाणी आणि पहाटे स्वतःच्या घरातले स्वच्छतागृह या गोष्टी कागदावर क्षुल्लक वाटतात, पण बत्तिसाव्या किलोमीटरनंतर त्यांचाच हिशेब होतो.

दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही, आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार आहे. घरच्या शर्यतीतून माघार घेणे स्वस्त पडते. शर्यतीच्या दहा दिवस आधी पोटरी दुखू लागली किंवा ताप येऊन गेला, तर फक्त प्रवेशशुल्क बुडते आणि माणूस शहाणपणाने घरी बसतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, व्हिसा आणि मंजूर झालेली रजा हे सारे पणाला लागले असेल, तर तोच माणूस वेदनाशामक गोळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. पुढे चार महिने फिजिओथेरपिस्टकडे खेपा घालणारे असे धावपटू प्रत्येक रनिंग ग्रुपमध्ये सापडतात. ज्याला दुखापतींचा इतिहास आहे, त्याने हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा.

आता घरची शर्यत कुठे कमी पडते ते पाहू. उत्तर एका शब्दात द्यायचे तर हवा. मॅरेथॉनसाठी १० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उत्तम मानले जाते. मुंबईत जानेवारीची पहाट सुसह्य असते, पण समुद्राकाठची आर्द्रता सोबतीला असते, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारा धावपटू शेवटचे दहा किलोमीटर चढत्या उन्हात धावतो. घाम वाळत नाही, शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, नाडीचे ठोके वाढतात आणि तोच वेग अधिक कष्टाचा होतो. म्हणजे नेमकी वेळ सुधारायची असलेल्या धावपटूलाच प्रवासाचा खरा उपयोग आहे. सपाट मार्ग आणि सप्टेंबरअखेरची थंडावा धरू लागलेली हवा यांमुळे बर्लिनमध्ये विश्वविक्रम झाले. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने २०२२ मध्ये तिथेच २ तास १ मिनिट ९ सेकंदांची नोंद केली होती. आपल्याला विक्रम करायचा नसतो, पण ती हवा आपल्यालाही तेवढीच लाभते.

मात्र बर्लिनचा मोह पडण्याआधी पंचांग उघडावे, कारण तिथला सप्टेंबर म्हणजे आपल्याकडची जुलै-ऑगस्टची तयारी. तीस-बत्तीस किलोमीटरच्या धावा भर पावसात, भिजलेल्या बुटांत, खड्डे न दिसणाऱ्या रस्त्यांवर कराव्या लागतात. पायाला फोड येतात आणि दोन रविवार तरी पाण्यात जातात. तरीही ही तयारी अशक्य नाही, कारण पावसाळी हवेत निदान ऊन डोक्यावर नसते. एप्रिलमधील लंडन किंवा बोस्टनसाठी शिखराचे आठवडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे धावा लांबत जातात तसतसे ऊनही वाढत जाते, आणि हे गणित विदर्भ-मराठवाड्यातील धावपटूला फारच जड जाते. सर्वांत सोयीची बसते ती मार्चच्या सुरुवातीची टोकियो मॅरेथॉन: डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले सर्वोत्तम धावण्याचे महिने तिच्या वाट्याला येतात. मुंबई मॅरेथॉनचीही तीच गोष्ट आहे, कारण तिचे कळीचे आठवडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडतात. त्यात फक्त दिवाळीचा फराळ आणि पाहुणे यांची सोय आधीपासून धरून ठेवावी लागते.

वेळेतील फरकाचा विचारही शहरागणिक वेगळा करावा. बर्लिन त्या काळात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे सव्वानऊची शर्यत आपल्या शरीराच्या घड्याळात दुपारी पाऊणला सुरू होते. पहाटे आपोआप जाग येते, नाश्ता पचायला भरपूर अवधी मिळतो आणि दोन-तीन दिवसांत शरीर स्थिरावते. टोकियो साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथली नऊ वाजून दहा मिनिटांची सुरुवात आपल्या पाच-चाळीसला होते, आणि ती तर आपली रोजची धावण्याचीच वेळ. न्यूयॉर्कचे प्रकरण मात्र कठीण आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे अमेरिकेतील घड्याळे मागे घेतली जातात त्याच दिवशी, ही शर्यत होते आणि अंतर साडेदहा तासांचे असते. आपल्या संध्याकाळी-रात्री धावायचे, तेही शर्यत जिथून सुटते त्या स्टेटन आयलंडवर थंडीत काही तास ताटकळल्यानंतर. तिथे पाच-सहा दिवस आधी पोहोचता येत नसेल, तर चांगल्या वेळेची अपेक्षा न ठेवता शहर पाहण्यासाठी धावावे.

देशातल्या देशात प्रवास करण्याचा पर्याय अनेकजण उगाचच मधला म्हणून बाजूला सारतात. फेब्रुवारीतील नवी दिल्ली मॅरेथॉन सपाट आहे, हवा गार असते आणि व्हिसाची भानगड नाही. वेळ सुधारायची असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर मी परदेशाच्या आधी हिचा विचार करीन. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन हा अगदी वेगळा प्रकार आहे: २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत यवतेश्वरचा घाट चढून जाते आणि त्याच वाटेने उतरते. इथे वेळेचा नाद सोडावा, पण मुंबई किंवा पुण्याच्या शर्यतीच्या तयारीत पायांना बळ देण्यासाठी हिच्याइतकी उपयुक्त शर्यत जवळपास नाही. सातारा पुण्याहून एका रात्रीचे काम आहे, फक्त नोंदणी उघडताच हालचाल करावी लागते.

लेहमधील लडाख मॅरेथॉनला मात्र वेगळी फूटपट्टी लावावी. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने दोनतृतीयांशाच्या आसपास असतो. मुंबईहून विमानाने थेट उतरून तिसऱ्या दिवशी धावणे हा धाडसाचा नव्हे, अविचाराचा भाग आहे. किमान आठवडाभर, शक्य तर त्याहून जास्त, तिथे राहता येत असेल तरच ही शर्यत घ्यावी. म्हणजे ती घेण्यासाठी सुटीच मोठी लागते, आणि मग कुटुंबाला सोबत नेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पैशांविषयी थोडक्यात. परदेशी शर्यतीत प्रवेशशुल्क हा खर्चाचा लहानसा भाग असतो. विमान, शर्यतीच्या आठवड्यात वधारलेली हॉटेले, विमा आणि बर्लिनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे ९० युरो मिळून जो आकडा होतो, त्यात घरच्या कित्येक शर्यती, बुटांचे दोन-तीन जोड आणि वर्षभराचे प्रशिक्षण सहज बसते. बूट आणि शर्यतीचे कपडे हातातल्या सामानातच ठेवावेत. पोहे, खाकरा, मेतकूट बरोबर न्यावे, पण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे घरच्यांसाठीच राहू द्यावेत. शर्यतीच्याच संध्याकाळचे परतीचे तिकीट काढू नये. आणि शर्यतीआधीच्या दोन दिवसांत संग्रहालये पायी पालथी घालण्याचा बेत घरच्यांनी आखला असेल, तर तो शर्यतीनंतरच्या दिवसांवर ढकलावा. यावरून होणारी कुरबुर तिकिटे काढतानाच मिटवलेली बरी.

तेव्हा पहिली पूर्ण मॅरेथॉन असेल, तर ज्या शहरात आपल्या घरी झोपता येते तिथेच धावावी, मार्ग कितीही ओळखीचा आणि कंटाळवाणा वाटो. दोन-तीन मॅरेथॉन झाल्या आहेत आणि वेळ अडकून पडली आहे, अशांनी आधी दिल्ली आणि मग बर्लिन-टोकियो असा क्रम धरावा. वेळेची पर्वा नसलेल्या आणि धावण्याच्या निमित्ताने प्रवास करणाऱ्या माणसाला यातले कोणतेही बंधन नाही, त्याने हवे ते शहर निवडावे. फक्त एक व्यवहाराची बाब सर्वांनाच लागू आहे. बर्लिनसाठी सोडतीचे अर्ज आदल्या वर्षीची शर्यत संपल्यानंतर काही आठवड्यांतच सुरू होतात आणि निकाल साधारण वर्षअखेरीस लागतो. म्हणजे पुढच्या सप्टेंबरचा निर्णय येत्या जानेवारीत मुंबईत आपले काय होते हे कळण्याआधीच घ्यावा लागतो, आणि सोडतीत नाव निघाले की शुल्क परत मिळत नाही.