वॉर थंडर: आठ महिने खेळल्यावर

जूनच्या पहिल्या पावसात वॉर थंडर हा रणगाडे-विमानांच्या लढायांचा ऑनलाइन गेम डाउनलोड केला, आता फेब्रुवारी संपत आला. रोज जेवणं आटोपली की तासभर, शनिवारी थोडं जास्त. आमच्या गोव्यातल्या साखळी गावातली दोन-चार मुलं 'घेऊ का?' म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर. गेम फुकट आहे आणि मी आजवर एक रुपयाही घातलेला नाही. माझं मत आधीच सांगतो: रणगाड्यांसाठी खेळा, रिअलिस्टिक मोडमध्ये खेळा, आणि वरच्या जेट विमानांच्या मागे लागू नका.

इथे रणगाड्याला 'लाइफ'ची पट्टी नसते. गोळा कुठून घुसला, आत कोण बसलं होतं, काय फुटलं, यावर सगळं ठरतं. आर्केडमध्ये शत्रूच्या डोक्यावर खूण दिसते, रिअलिस्टिकमध्ये ती नाही. झाडीत काय हललं ते तुमचं तुम्ही बघायचं, अंतराचा अंदाज बांधायचा, गोळा किती खाली येईल तेही धरायचं. मेल्यावर तुमच्या गाडीचं आरपार चित्र दिसतं आणि गोळ्याचा मार्ग त्यात रेघेसारखा उमटतो. पहिले दोन महिने मी त्या चित्रांवरूनच शिकलो.

माझे बाबा 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत पोकलेन चालवायचे. एका रात्री माझ्या टी-34 या सोव्हिएत रणगाड्याची चेन तुटली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध अडकली, तेव्हा ते मागे उभे होते. "चेन गेली? मग बस आता. आमचा तर अर्धा दिवस जायचा." गेममध्ये दुरुस्ती काही सेकंदांची असते, पण त्या सेकंदांत समोरचा तुम्हाला सोडत नाही. मग बाबांनी खुर्ची ओढली आणि जवळून बघून म्हणाले, "ओढ मागच्या चाकाला आहे ना? आमच्या मशीनसारखीच." अगदी बरोबर. टी-34 चं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे. अमेरिकन शर्मन आणि जर्मन पॅन्झर 4 मध्ये इंजिन मागे, पण गिअरबॉक्स पुढे. म्हणून शर्मनच्या नाकात गोळा बसला की पुष्कळदा तो जागीच थांबतो. त्या दिवसापासून बाबा अधूनमधून येऊन बसतात.

टी-34 ची पुढची पत्रा जेमतेम 45 मिमी, पण ती इतकी तिरकी आहे की सरळ आलेल्या गोळ्याला ती 90 मिमीची पडते. तरी तिचा एक दोष मला फार भोवला: तोफ 5 अंशांपेक्षा खाली झुकत नाही. चढावाच्या माथ्यावरून खाली मारायचं तर अख्खी गाडी बाहेर काढावी लागते. शर्मनची तोफ त्याच्या दुप्पट झुकते, त्यामुळे नुसता टॉवर (तोफेचा वरचा फिरता भाग) वर काढून मारता येतं.

ऑगस्टमधली एक लढाई अजून डोळ्यांपुढे आहे. बाहेर पाऊस कोसळत होता, कानात हेडफोन. पडक्या भिंतीआड गाडी लावून इंजिन बंद केलं, कारण आपलंच इंजिन चालू असलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मिनिटभर काही नाही. मग डावीकडून घरघर. पॅन्झर 4 भिंतीच्या टोकाशी आला, टॉवर दुसरीकडे वळलेला. त्याच्या पुढच्या अंगाला 80 मिमी पोलाद, पण टॉवर 50 मिमीचाच. टॉवरवर मारला, त्याच्या तोफेची ब्रीच (जिथून गोळा भरतात ती मागची बाजू) गेली. तो मागे सरकायला लागला, आणि माझा लोडर दुसरा गोळा भरत होता. तेवढे सेकंद मी श्वास घेतलेला आठवत नाही. दुसरा गोळा खालच्या दारूगोळ्यात गेला.

वर चढायला वेळ लागतो, हे खरं. प्रत्येक गाडीसाठी संशोधनाचे गुण आणि सिल्व्हर लायन्स (गेममधले पैसे) जमवावे लागतात. दुरुस्तीचा खर्च त्यातूनच जातो. 2023 च्या मे महिन्यात जगभरच्या खेळाडूंनी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नाराजीची परीक्षणं अक्षरशः ओतली, त्यानंतर कंपनीने ही व्यवस्था बदलली. तरीही बॅटल रेटिंग (गाडीच्या ताकदीचा आकडा) 3 ते 4 च्या आसपास रमलात तर घाई वाटत नाही. समोर जास्तीत जास्त 1.0 ने वरची गाडी येते, तेवढं धरून चाला.

इंटरनेट चांगलं हवं. जुलैत आमच्या ब्रॉडबँडवाल्याची लाइन आठवडाभर आली-गेली होत राहिली, आणि फोन केला की 'उद्या माणूस येईल'. लाइट गेली तर वेगळंच. लढाई चालू असेल तर परत तिच्यातच शिरता येतं, हे बरं. आणि गेम एसएसडीवरच (वेगवान डिस्कवर) टाका.

विमानांबद्दल वर जे म्हटलं ते दिवाळीपर्यंत अगदी पक्कं होतं. मग भाच्याला घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. तिथे सी हॉक उभं आहे. 1971 च्या युद्धात विक्रांतवरून उडालेली विमानं ती हीच. पंखाखाली उभं राहिलो तर केवढं लहान वाटतं ते! शेजारी सी हॅरिअर, जे 2016 पर्यंत इथल्याच आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरून उडत होतं. ही दोन्ही विमानं गेममधल्या ब्रिटिश यादीत आहेत. घरी येऊन त्याच रात्री ब्रिटिश ट्री (तीच विमानांची यादी) सुरू केली, अगदी खालच्या दुपंखी विमानांपासून. शनिवारी भाचा येतो तेव्हा आधी विचारतो, "मामा, सी हॉक अजून किती लांब?" यादी उघडून दोघं मिळून मोजतो.